मालक बसले की गाडी बंद पडते

“मॅडम, गाडी निरोगी आहे असं लिहून टाका, म्हणजे चहा सांगता येईल,” टोणपे म्हणाले.

मी बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले होते आणि ते खुर्चीत बसले होते. देवसांगवी नगरपरिषदेच्या मागच्या अंगाला एक पत्र्याची शेड होती. तिथे आमच्या चौकशी समितीची पहिली बैठक चालली होती. सदस्य तीन, खुर्च्या दोन. तिसरी आणायला शिपाई गेला होता, तो बैठक संपेपर्यंत परतला नाही. टोणपे हे नगरपरिषदेचे कार्यालय अधीक्षक आणि समितीचे अध्यक्ष. दुसऱ्या खुर्चीत विरोधी पक्षाचे नगरसेवक शिवलिंग बिराजदार. मी सरकारी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईल शिकवायला नुकतीच लागले होते. तांत्रिक तज्ज्ञ म्हणून प्राचार्यांनी माझं नाव कळवलं, कारण त्या आठवड्यात बाकीचे सगळे तज्ज्ञ आजारी पडले होते.

चौकशी गाडीची आहे असं मला सांगण्यात आलं होतं. मी लहान होते, माझा विश्वास बसला.

गाडी नगराध्यक्षांची. त्यांचं नाव मुकुंदराव झांबरे, पण गावात त्यांना सगळे मालक म्हणायचे. ही पांढरी, उंच गाडी तीन वेळा भर गर्दीत बंद पडली होती. पहिल्यांदा पाण्याच्या टाकीच्या भूमिपूजनाला जाताना, दुसऱ्यांदा तहसील कचेरीसमोर, आणि तिसऱ्यांदा नेमकी बिराजदारांच्या दारात. बिराजदारांच्या पोरांनी माणुसकी म्हणून गाडी ढकलली आणि ढकलताना फोटो काढून गावभर फिरवले. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर सिद्राम कोळेकर निलंबित झाले. आरोप असा की, विरोधकांशी संगनमत करून त्यांनी गाडीत मुद्दाम बिघाड केला. कोळेकर निवृत्तीला आलेले. इतकी वर्षं गावाची माणसं, टँकर आणि साहेब इकडून तिकडे नेले, आणि आता त्यांच्या दारावर कोणीतरी खडूने ‘गद्दार’ लिहून ठेवलं होतं. समितीने आरोपावर शिक्कामोर्तब केलं की नोकरी जाणार आणि तिच्याबरोबर पेन्शनही.

“वर्कशॉपवाल्यांनी काय सांगितलंय?” बिराजदारांनी विचारलं.

“थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष येतोय. त्यांनी सेन्सर बदलला, मग त्याच्याभोवतीचा सगळा भागच बदलला. तरी दोष परत आला.”

“सेन्सर म्हणजे नेमकं काय हो?”

“आपण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. ती किती उघडली, हे सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो.”

“म्हणजे खबऱ्या.”

“तसंच म्हणा.”

“खबऱ्या बदलला तरी खबर चुकीचीच जाते,” टोणपे म्हणाले, “म्हणजे खबऱ्यांना फितवणारा कोणीतरी वेगळाच आहे.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी लगेच लिहून घेतलं.

मी समजावलं की सर्किट म्हणजे नुसता सेन्सर नव्हे, त्याच्या ताराही आल्या. एका तारेतून त्याला पाच व्होल्ट मिळतात, दुसरी अर्थची, म्हणजे अर्थिंगची, तिसरीतून तो निरोप पाठवतो. सेन्सर चांगला असला तरी तार कुठे घासलेली असेल, तुटत आली असेल, भलतीकडे टेकत असेल.

“तार आपणहून असं करते?” टोणप्यांनी विचारलं.

“करते.”

“पण तारेला निलंबित करता येत नाही,” ते म्हणाले.

मी मीटर लावून सगळं तपासलं. पाच व्होल्ट येत होते. अर्थ ठीक होता. पेडल हळूहळू दाबलं की निरोपाच्या तारेवरचा आकडा न अडखळता वर जात होता, सोडलं की खाली येत होता. मी कनेक्टर हलवले, तारांचे जुडगे ओढून पाहिले, इंजिन चांगलं तापू दिलं. काही नाही. मग मीटरची लांब वायर काढून ती गाडीत घेतली आणि टँकरवरच्या ड्रायव्हरला गाडी चालवायला सांगून आम्ही तिघे गावभर हिंडलो. बाजारपेठ, पूल, एकूण एक गतिरोधक. बिराजदारांनी वाटेत मतदारांची विचारपूस केली, टोणप्यांनी कोथिंबीर घेतली. गाडी लोण्यासारखी चालली.

परत आल्यावर दोघेही नाराज होते, पण वेगवेगळ्या कारणांनी. टोणप्यांना गद्दार हवा होता, म्हणून गाडीत दोष नाही हे त्यांना पसंत होतं. फक्त त्यासाठी उन्हात एवढं फिरावं लागल्याचा त्यांना राग होता. बिराजदारांना खरेदीत भ्रष्टाचार हवा होता, म्हणून गाडी भंगार निघायला हवी होती. ती इतकी झकास चालते हे पाहून त्यांचा चेहरा उतरला होता. घासलेल्या तारेचा उपयोग दोघांपैकी कोणालाच नव्हता.

कोळेकरांना बोलावणं गेलं. ते आले आणि शेडच्या खांबाला पाठ न टेकता उभे राहिले. उंच, सुकलेला माणूस, टोपी हातात.

“मामा,” मी विचारलं, “मालक गाडीत नसताना ती कधी बंद पडली होती?”

“न्हाई.”

“मग मालक असताना वेगळं काय असतं?”

त्यांनी विचार केला. “मालक असतात,” ते म्हणाले.

टोणप्यांनी लिहिलं, ‘चालकाची उत्तरे उडवाउडवीची.’

मला मात्र ते उत्तर सोडेना. गाडीच्या तारांना आत कोण बसलंय हे कळत नाही. मालक बसल्यावर गाडीत काहीतरी वेगळं घडत असलं पाहिजे, जास्तीचा एसी, फोनचा चार्जर, काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तास संपवून मी स्कूटी काढली आणि कोळेकरांच्या घरी गेले.

दारावरचा ‘गद्दार’ त्यांच्या बायकोने, नीलव्वांनी, ओल्या फडक्याने पुसला होता, पण मधला ‘द्दा’ काही गेला नव्हता. नीलव्वा उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सूप बाजूला सारून मला बसायला जागा केली.

“समितीपुढे राहू द्या, इथे घरात मोकळेपणी सांगा,” मी कोळेकरांना म्हटलं. “मालक बसले की तुम्ही काय काय चालू करता? एसी?”

“एसी.”

“गाणी?”

“मालकांना गाणी चालत न्हाईत.”

“आन् ते भोंगं?” नीलव्वा शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या. “ते बोंबलणारं भोंगं ऐकवलंत का बाईंना?”

“गप बस,” कोळेकर म्हणाले.

“का गप बसू? दारावर माझ्या लिवलंय.”

मग कोळेकरांनी सांगितलं. मालकांच्या गाडीला हूटर होता, मोठ्या साहेबांच्या गाड्यांना असतो तसा. तो लावायचा नगराध्यक्षांना अधिकार नाही, म्हणून वरून काढून टाकायचा आदेश आला. जुना काढला. काढला असा जबाब कोळेकरांनीच सही करून दिला. मग त्याच आठवड्यात मालकांनी बंपरच्या मागे, बाहेरून दिसणार नाही असा नवा बसवून घेतला. पहिल्यापेक्षा मोठा. गिअरच्या शेजारी रबरी मॅटखाली त्याचं बटण.

“आता मीच काढलाय म्हनून सही केलेली वस्तू,” कोळेकर म्हणाले, “गाडीत हाय म्हनून कशी सांगू? एक केस हाय ती दोन हुत्याल.”

शेडची किल्ली माझ्याकडे होती. मी थेट तिकडे गेले, मीटर जोडला, इंजिन सुरू केलं, मॅट उचलली आणि बटण दाबलं.

पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज कसा घुमला असेल याची कल्पना करा. फाटकावरच्या माणसाने धावत जाऊन फाटक उघडलं. पान खायला गेलेले कारकून जागेवर येऊन बसले. कोणीतरी हार शोधायला लागलं. आणि आदल्या दिवसापासून बेपत्ता असलेला शिपाई तिसरी खुर्ची घेऊन शेडच्या दारात हजर झाला.

माझं लक्ष मीटरकडे होतं. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता, तरी आकडा आपला आपण वर चढला आणि थरथरायला लागला. बटण थोडंसं दाबून सोडलं तर इंजिन नुसता आचका द्यायचं. दाबून धरलं की पिवळा दिवा लागायचा आणि इंजिन मान टाकायचं. किल्ली फिरवून पुन्हा सुरू केलं की जसं काही झालंच नाही.

मग शोधायला काहीच वेळ लागला नाही. हूटरची काळी तार बंपरमागून वर येत होती. ती गाडीच्या पत्र्याला बोल्टने पक्की करायची असते. बसवणाऱ्याने बोल्टपर्यंत हात घालायचा कंटाळा केला होता. वाटेत त्याला दुसरी एक बारीक काळी तार दिसली, तिचं वेष्टण सोलून त्याने तिथेच पीळ मारला होता आणि वर पिवळी टेप गुंडाळली होती. ती बारीक तार सेन्सरची अर्थ होती. सेन्सर सगळं मोजतो ते त्या अर्थपासून. जमिनीपासून उंची मोजावी आणि कोणीतरी जमीनच उचलावी, तसं हूटर वाजला की व्हायचं. निरोप खोटा येतोय हे पाहून कॉम्प्युटर घाबरायचा आणि इंजिनाची ताकद काढून घ्यायचा.

तार मी तशीच ठेवली. दोष काढून टाकला असता तर गाडी पुन्हा निरोगी झाली असती, आणि गाडी निरोगी म्हणजे कोळेकर दोषी.

दुसऱ्या बैठकीत मी हे सगळं समितीपुढे मांडलं. तिसरी खुर्ची होती, त्यामुळे बसून मांडलं.

“कोणता हूटर?” टोणप्यांनी विचारलं.

“गाडीतला.”

“गाडीत हूटर नाही. तसा जबाब दप्तरी आहे.”

“मी काल वाजवला. तुमच्या सगळ्या ऑफिसने ऐकला.”

“आवाज ऐकला,” टोणपे म्हणाले. “मी नाही म्हणत नाही. पण प्रत्येक आवाजाला उपकरण असतंच असं नाही.”

मी बिराजदारांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, विरोधी पक्षाचा माणूस हे ऐकून खुर्चीतून उठेल. तो उठलाही.

“टेप कुठल्या रंगाची म्हणालात?”

“पिवळ्या.”

बिराजदार बाहेर गेले. शेडच्या फटीतून मला दिसत होतं, त्यांनी आपल्या जीपपुढे उकिडवं बसून बंपरखाली हात घातला आणि डोकं वाकडं करून आत पाहिलं. परत आले तेव्हा रुमालाने बोटं पुसत होते.

“माझं असं मत आहे,” ते म्हणाले, “की समितीने हूटरच्या खोलात जाऊ नये. विकासाचे प्रश्न पुष्कळ आहेत.”

देवसांगवीच्या राजकारणात सत्ताधारी आणि विरोधक एखाद्या ठरावावर एकमत झाल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं. टोणप्यांनी अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. गाडीत दोष आढळला नाही, सबब चालकाचा हेतू शुद्ध दिसत नाही. खाली तीन सह्यांची जागा होती.

मी सही करणार नाही म्हटलं.

दुपारनंतर प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सभ्य माणूस. त्यांनी मला पाणी दिलं आणि त्या पेल्याकडे बोट दाखवलं.

“हे मी घरून आणतो, नाईकवडे. मुलींच्या वसतिगृहाची नळजोडणी नगरपरिषदेत पडून आहे. पोरी बादल्या घेऊन हापशावर जातात, तुम्ही बघताच. आत्ता टोणप्यांचा फोन आला होता. जोडणीचा विषय येत्या सभेत आहे, किंवा नाही, असं म्हणाले.”

“सर, त्या माणसाचा काही दोष नाही.”

“मला मान्य आहे. सत्य कुठे पळून जात नाही हो. पाणी मात्र दिवसाआड येतं.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खोलीवर गेले आणि विचार करत बसले. मी हूटर लिहिला असता, तर समितीत दोन विरुद्ध एक मत पडलं असतं, आणि कोळेकरांवर खोट्या जबाबाची दुसरी केस लागली असती. नाही लिहिला, तर पहिली होतीच. हूटर आहे हे सांगणारं कोणीतरी हवं होतं, आणि ते मी किंवा कोळेकर असून भागणार नव्हतं.

सकाळी मी टोणप्यांकडे गेले. “सही करते,” म्हटलं. “पण गाडी फक्त मालक असतानाच बंद पडते. मालकांना बसवून एकदा चाचणी घ्यायला हवी. कोळेकर चालवतील, गर्दीचा रस्ता, सगळं नेहमीसारखं. नाहीतर उद्या कोणी कोर्टात गेलं, तर तुमची चौकशी अर्धवट ठरेल.”

‘तुमची’ हा शब्द टोणप्यांना लागू पडला. मालकांना हूटरबद्दल विचारायचं धाडस त्यांचं झालं नव्हतं, त्यामुळे मला काय सापडलंय हे मालकांना ठाऊक नव्हतं. मालकांना चाचणीची कल्पना आवडली. बाजाराच्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राचं उद्घाटन होतं, त्याच रस्त्याने जायचं ठरलं. “बंद पडली तर त्याने पाडली, आणि नाही पडली तर घाबरून पाडली नाही,” मालक टोणप्यांना म्हणाले. “निकाल एकच आहे.” कोळेकरांना पत्र गेलं की चाचणीपुरतं त्यांचं निलंबन शिथिल करण्यात येत आहे.

मालक पुढे बसले. भरलेलं अंग, कडक इस्त्री, आवाज मात्र मऊ. मागे बिराजदार, टोणपे आणि मांडीवर मीटर घेऊन मी. कोळेकरांनी टोपी घातली, किल्ली फिरवली आणि गाडी बाहेर काढली.

“मॅडम, काय बघताय त्या डबीत?” मालकांनी मान वळवून विचारलं.

“आकडे, मालक.”

“आमचे आकडे बरे आहेत ना?”

“सध्या बरे आहेत.”

ते हसले. टोणपे हसले. गाडी बाजारात शिरली.

दोन्ही बाजूंना मेथीचे ढीग, मिरच्यांची पोती, मध्ये माणसं. कोळेकर गाडी हळूहळू सरकवत होते. लोक काचेवर हात ठेवून बाजूने वाट काढत होते, कोणी आत बघत नव्हतं. एका पेरूवाल्याची हातगाडी निम्म्या रस्त्यात होती. गिऱ्हाइकाशी भाव ठरेपर्यंत ती हलवायचा त्याचा विचार दिसत नव्हता. कोळेकरांनी साधा हॉर्न दोनदा दिला. पेरूवाल्याने मान न वळवताच हात केला, थांबा जरा.

मालक सीटवर सरकले. त्यांनी खिडकीतून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या गर्दीत आपल्याकडे कोणी बघत नाही, याची त्या माणसाला सवय नव्हती.

“वाजव,” ते हळूच म्हणाले.

“मालक, त्यो काढलाय,” कोळेकर म्हणाले. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“वाजव म्हणतो.”

“काढल्याचा जबाब हाय मालक. माझी सही हाय.”

टोणपे छताकडे बघायला लागले. बिराजदारांनी काचेबाहेर कोणालातरी नमस्कार केला, तिथे कोणी नव्हतं. मालकांनी एक उसासा टाकला, वाकले, मॅट उचलली आणि स्वतःच्या अंगठ्याने बटण दाबून धरलं.

बाजार दचकला. पेरूवाला उडालाच. माझ्या मांडीवरचा आकडा वर चढला, पिवळा दिवा लागला, गाडीने एक आचका दिला आणि ती हातगाडीला अलगद नाक लावून बंद पडली. हूटर मात्र वाजत राहिला, कारण मालकांचा अंगठा अजून तिथेच होता.

“मालक,” मी म्हटलं, “अंगठा काढा.”

त्यांनी काढला. सगळीकडे शांत झालं. आता मात्र सगळे आमच्याकडे बघत होते.

“मामा, सुरू करा.”

कोळेकरांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि पुन्हा दाबलं. गाडी पुन्हा मेली. ते हुशार होते, तिसऱ्यांदा दाबायची त्यांना गरज पडली नाही. आपल्या अंगठ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

पेरूवाला काचेपाशी आला. “ढकलू का मालक?” त्याने मनापासून विचारलं.

मी त्यांना तिथेच तारेचं सांगितलं. सोपं करून.

“म्हणजे गाडी मला घाबरत नाही,” शेवटी ते म्हणाले, “माझ्या आवाजाला घाबरते.”

“आवाजाला नाही, मालक. त्याच्या तारेला.”

“दुरुस्त होईल?”

“दहा मिनिटांचं काम आहे.”

“आणि मग दोन्ही चालेल? गाडीपण आणि...” त्यांनी मॅटकडे मान केली.

इथे मला नाही म्हणता आलं असतं. एक होईल नाहीतर दुसरं, निवडा, असं सांगितलं असतं तरी त्या गाडीत ते खोडून काढणारं कोणी नव्हतं. पण मी मास्तरीण होते आणि प्रश्न तांत्रिक होता.

“दोन्ही चालेल,” मी म्हटलं. “पण कोळेकर निर्दोष आहेत असा अहवाल झाल्याशिवाय मी तारेला हात लावणार नाही.”

मालकांनी मागे न बघता विचारलं, “टोणपे, अहवाल झालाय ना?”

“झालाच आहे, मालक,” टोणपे म्हणाले. “आत्ताच झाला.”

अहवालातलं ते वाक्य टोणप्यांनी फार मेहनतीने घडवलं होतं. ‘वाहनात नसलेल्या उपकरणाची तार सेन्सरच्या तारेस जोडली गेल्याने वाहन वेळोवेळी बंद पडत होते, चालक श्री. कोळेकर यांचा त्यात कोणताही हात नाही.’ मी ते दोनदा वाचलं. त्यात एकच शब्द खोटा होता, आणि त्या शब्दावाचून बाकीचं खरं सरकारी कागदावर येणार नव्हतं. मी सही केली. बिराजदारांनी न वाचताच केली. मग मी शेडमध्ये जाऊन पिवळी टेप सोडवली, सेन्सरची तार पूर्ववत केली आणि हूटरची तार पत्र्यावरचा रंग खरवडून बोल्टने पक्की आवळली. चांगला अर्थ मिळाल्यावर हूटर पहिल्यापेक्षा खणखणीत वाजायला लागला. देवसांगवीला माझी ती देणगी. पुढच्या आठवड्यात बिराजदारांची जीपही शेडमध्ये आली, खासगीत.

वसतिगृहाला नळ आला. पाणी दिवसाआड.

साधारण महिन्याभराने सकाळी कचऱ्याची डबी घेऊन मी दारात उभी होते. घंटागाडी आली. स्टिअरिंगवर कोळेकर.

“मामा, तुम्ही इकडे? मालकांची गाडी काढून घेतली की काय?”

“न्हाई हो. मीच मागून घेतली ही.”

“ती गाडी तर आता ठीक आहे. मी स्वतः दुरुस्त केली.”

“म्हनूनच सोडली,” ते म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. गल्लीतली माणसं अजून यायची होती.

“त्या तहसीलसमोर बंद पडली न्हवं का, दुसऱ्यांदा. समोरनं मयत येत व्हती. बागवानाची म्हातारी. मालक म्हनले वाजव. आता मयतीला कुनी भोंगा वाजवतं का? पर हुकूम हाय, वाजवला. आन् गाडी तिथंच बसली. मयत शेजारनं निघाली, सगळी मानसं मालकांकडं बघत्यात. मग काय, उतरलं मालक खाली. चपला काढल्या, हात जोडलं. इतकी वर्सं झाली, मालकांनी कुनाला वाट दिल्याली मी कवा बघितली न्हवती.” त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ पुसली. “तार-बीर मला कळत न्हाई. पर भोंगा दाबला की ही बसती, येवढं त्या दिवशी कळलं.”

“दुसऱ्या वेळीच कळलं होतं?”

“व्हय.”

“मग तिसऱ्यांदा,” मी विचारलं, “बिराजदारांच्या दारात?”

कोळेकरांनी आरशात बघून टोपी नीट केली.

“मालक म्हनले, लांबवर वाजव, त्याच्या दारातनं जाताना समद्यांना ऐकू गेलं पायजे. मी वाजवला. लांबवर.”

समितीने जे शोधायचं पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं, ते अखेर मला सापडलं. समिती तेव्हा बरखास्त झाली होती. मी माझी डबी त्यांच्या गाडीत रिकामी केली.

“लिवनार का हे कुठं?” त्यांनी विचारलं.

“कोणाकडे लिहू, मामा?”

“त्येबी खरंच,” ते म्हणाले. मग त्यांनी बटण दाबलं. कर्ण्यातून खरखरत गाणं सुरू झालं, आणि गल्लीतल्या बायका हातात बादल्या, डबे घेऊन एकेक करून बाहेर यायला लागल्या.